केशवरावला पहिलं नाटक कोणतं?



गेल्या शनिवारी आमच्या घरात पैज लागली. क्रिकेटवर नाही, निवडणुकीवरही नाही. चक्क नाटकावर!

झालं असं, की आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चष्म्याचा नंबर तपासायला कोल्हापूरला घेऊन गेलो होतो. निपाणीहून हायवेनं पाऊण तासाचा रस्ता. काम लवकर आटपलं. परत निघताना आण्णा म्हणाले, "जरा खासबागेकडनं घे गाडी." गेलो. केशवराव भोसले नाट्यगृहाभोवती पत्रे लावलेले, आत काम चाललेलं. आण्णांनी काच खाली केली आणि बराच वेळ नुसतं बघत बसले. मग म्हणाले, "उघडलं की पहिलं संगीत नाटक कुठलं लावतील रे?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून घरी आल्यावर मी तोच प्रश्न जेवताना सगळ्यांना विचारला, आणि पैज लागली.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. हे नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी बांधलं. १९१३ मध्ये काम सुरू झालं आणि १९१५ मध्ये ते उभं राहिलं. तेव्हा नाव होतं पॅलेस थिएटर. शेजारीच खासबागेचं कुस्तीचं मैदान. कुस्ती आणि नाटक, दोन्ही एकाच आवारात शेजारी शेजारी, हे फक्त कोल्हापुरातच होऊ शकतं! पुढे १९५७ मध्ये त्याला कोल्हापूरच्याच केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती.

त्या रात्रीचं मला नीट आठवतं, कारण त्यात माझा एक जुना हिशेब अडकलाय. त्याच्या महिनाभर आधी आण्णा म्हणाले होते, "एकदा केशवरावला नाटक बघायचं होतं." माझं रिलीज चालू होतं. वर्क फ्रॉम होम म्हणजे घरी असतो, पण घरच्यांना नसतो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वेगळं सांगायला नको. मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात बघू." पुढच्या महिन्यात व्हॉट्सॲपवर आगीचे व्हिडिओ आले. आण्णांनी ते माझ्या फोनवर आवाज बंद करून पाहिले. एकच वाक्य बोलले, "जाऊया म्हटलेलं की आपण." त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही. तो थेट परवा गाडीत निघाला.

तर पैज. आण्णांचं मत ठाम: 'संगीत मानापमान'. खाडिलकरांचं नाटक, १९११ चं, आणि चाली गोविंदराव टेंब्यांच्या. टेंबेही कोल्हापूरचेच. पण आण्णांचं खरं कारण दुसरंच. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोन वेगळ्या कंपन्यांचे मालक, एकमेकांचे स्पर्धक, एकाच रंगमंचावर. आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय फक्त ३१. माझ्यापेक्षा लहान! "त्यांचं राहिलेलं गाणं त्यांच्याच घरात पुरं व्हायला पाहिजे," असं आण्णांचं म्हणणं.

आत्तीचं मत: 'संगीत शारदा'. देवलांचं हे नाटक १८९९ चं. म्हाताऱ्या नवऱ्याशी लग्न लावून देण्यात येणाऱ्या मुलीची गोष्ट. लहान वयात केशवराव स्वतः शारदेची भूमिका करायचे आणि त्यातूनच ते लोकांना माहीत झाले. आत्तीचं म्हणणं, "धैर्यधर नंतरचा. पोरगं मोठं झालं ते शारदेत. सुरुवात तिथनं करा." शिवाय त्यात एक मुद्दा असाही, की देव आणि राजे सोडून चारचौघांच्या घरातला प्रश्न संगीत नाटकात आणला तो देवलांनी. आत्ती शाळेत मास्तरीण होती, त्यामुळे हा मुद्दा तिनं दोनदा सांगितला.

बायकोचं मत: 'कट्यार काळजात घुसली'. दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत आणि वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब, साल १९६७. २०१५ च्या सिनेमामुळे आमच्या पिढीला ते माहीत झालं. "लोक ओळखतात ते लावा, म्हणजे हॉल भरेल," असं तिचं सरळ गणित.

माझं मत: 'संगीत देवबाभळी'. प्राजक्त देशमुखांचं, २०१७ चं. तुकोबांची आवली आणि विठ्ठलाची रखुमाई, अख्ख्या नाटकात दोनच पात्रं. इंजिनिअरच्या सवयीनं मी डोक्यात एक्सेल उघडलं होतं. मानापमानला गाणारे नट किती लागतील? आणि ते नुसते गाणारे नकोत, नटही हवेत. शिवाय ऑर्गन, तबला, पोशाख, सगळा लवाजमा. देवबाभळीला दोन गुणी नट्या आणि चांगले वादक असले की झालं. दौऱ्यावर निघायचं तर हा हिशेब लागतोच.

आणि आमची चिऊ, वय ९. तिचं मत: "ज्यात झोप येणार नाही ते."

सगळे हसले, फक्त आण्णा गप्प. नंतर म्हणाले, "मी पहिल्या नाटकाला झोपलोच होतो." आमचे आजोबा निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. एकदा मालाच्या ट्रकमधून आण्णांना कोल्हापूरला घेऊन गेले आणि रात्री नाटकाला बसवलं. कुठलं नाटक ते आण्णांना आठवत नाही. पहिल्याच अंकात झोप लागली आणि एकदम टाळ्यांच्या गजरानं जाग आली. वन्समोअर पडला होता. गाणारा पुन्हा पहिल्यापासून गायला लागला आणि आण्णांना वाटलं, आपल्याला ऐकायचं राहिलं म्हणूनच तो परत म्हणतोय. पहाटेच्या एसटीनं दोघं निपाणीला आले. एवढीच आठवण. पण साठ-पासष्ट वर्षं पुरलीय.

याच आठवड्यात टीमच्या कॉलवर न्यू जर्सीच्या सहकाऱ्याला मी हा किस्सा सांगितला. तो ब्रॉडवेचा वेडा. म्हणाला, आमच्याकडे तर हा कायमचा खेळ आहे. कुठलं थिएटर रिकामं झालं आणि तिथं आता कुठलं म्युझिकल येणार, यावर लोक महिनोन् महिने तर्क लढवतात. ब्रॉडवेवर मोजून ४१ थिएटरं. 'द फँटम ऑफ द ऑपेरा' मॅजेस्टिक थिएटरमध्ये १९८८ च्या जानेवारीत आलं आणि १६ एप्रिल २०२३ ला उतरलं. पस्तीस वर्षं, एकच नाटक, एकच जागा, १३,९८१ प्रयोग! ते गेल्यावर थिएटरची डागडुजी झाली आणि २०२४ च्या अखेरीला तिथं आलं 'जिप्सी'. म्हणजे १९५९ चं जुनं म्युझिकल, नव्या संचात. तिथंही शेवटी आण्णांचीच बाजू जिंकली म्हणायची!

पण त्याचं ऐकताना मला फरक कळला. तिथं नाटक थिएटरात भाडेकरू म्हणून राहायला येतं. चाललं तर वर्षानुवर्षं हलत नाही. आठवड्याची विक्री ठरलेल्या आकड्याच्या खाली जायला लागली, तर मालक जागा रिकामी करायला सांगू शकतो. आपल्याकडे नाटक पाहुणं म्हणून येतं. सकाळी ट्रकमधून नेपथ्य उतरतं, दुपारपर्यंत उभं राहतं, रात्री प्रयोग होतो आणि उजाडायच्या आत गाडी पुढच्या गावाला. आपल्याकडे नाटकाला मिळते ती तारीख.

त्यामुळे आमची अख्खी पैज फक्त एका तारखेसाठी आहे, हे माझ्या लक्षात आलं. उद्घाटनाची ती एक तारीख कुठल्याही नाटकाला हाऊसफुल्लच जाणार. त्या दिवशी हार, भाषणं, कॅमेरे सगळं असेल. प्रश्न आहे तो त्यानंतरच्या एखाद्या साध्या मंगळवारचा. त्या दिवशी कुठलं संगीत नाटक येईल? आणि ते बघायला कोण जाईल?

आता कुणी म्हणेल, तुम्ही निपाणीकर, तुमचं नाट्यगृह कर्नाटकात, कोल्हापूरच्या थिएटराची काळजी तुम्ही कशाला करता? त्यांना मी एवढंच सांगेन, की संगीत नाटकाचा जन्मदाखला काढायला गेलात तर बऱ्याच नोंदी आमच्याच बाजूला सापडतील. 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले गुर्लहोसूरला, बेळगाव जिल्ह्यात. देवल बेळगावात शिकले आणि तिथंच शिक्षक होते. केशवरावांनी 'ललितकलादर्श' कंपनी काढली ती १ जानेवारी १९०८ ला, हुबळीत! आणि त्याच्याही आधी, विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून. २०१५ चं नाट्यसंमेलनही बेळगावातच झालं आणि अध्यक्ष होत्या फैयाज, म्हणजे 'कट्यार'मधली झरीना. आमच्या भागातल्या नाटकवेड्यांना कोल्हापूर कधीच परगाव वाटलं नाही. ट्रक मिळाला की निघायचे.

मग अडलंय कुठं? मला वाटतं, अडलंय ते आपल्यापाशी. आपल्या मंडळात दर वर्षी नाट्यगीतांचा कार्यक्रम होतो. हॉल भरतो, मुलं छान गातात. चिऊसुद्धा क्लासमध्ये मानापमानमधलं एक पद शिकलीय. परवा मी तिला विचारलं, "हे कोण कोणाला म्हणतंय?" ती म्हणाली, "परीक्षेला म्हणतात." तिचं काही चुकलं नाही. गाणी आपण जपली, पण ज्या गोष्टीत ती होती ती गोष्ट बाजूला राहिली. लोणच्याची फोड तेवढी चाटून खायची आणि जेवण ठेवून द्यायचं, असला प्रकार. नाटकातलं पद भामिनी कुठल्या तोऱ्यात म्हणते आणि धैर्यधर तिला काय ऐकवतो, हे समोर घडताना बघितलं तर त्या तानेचा अर्थ लागतो. नाहीतर ती नुसती कसरत.

मी तिला मग मानापमानची गोष्ट सांगितली. श्रीमंत मुलगी, गरीब पण शूर सेनापती, तिनं केलेला त्याचा अपमान. चिऊनं लगेच विचारलं, "मग ती सॉरी म्हणते का?" म्हटलं, ते बघायला जाऊ. बघा, नऊ वर्षांच्या मुलीला एकशे दहा वर्षांहून जुन्या नाटकात अडकवायला दोन मिनिटं पुरली.

आणि हेही खरं, की केशवराव नुसती जुनी नाटकं धरून बसले नव्हते. मामा वरेरकरांचं हुंड्यावरचं 'हाच मुलाचा बाप' त्यांच्याच कंपनीनं रंगमंचावर आणलं. त्या काळातलं ते नवं कोरं नाटक. म्हणून मी आण्णांशी वाद घातला, की केशवराव आज असते तर त्यांनी नवंच नाटक लावलं असतं. आण्णांनी थोडा विचार केला. म्हणाले, "लावू देत की. पण धैर्यधरही केला असताच त्यांनी. दोन्ही करायचे ते." माझी अर्धी पैज तिथंच गेली.

पैजेची अट तुम्हाला सांगून ठेवतो. हरणाऱ्यानं सगळ्यांची तिकिटं काढायची आणि नाटकाआधी तांबडा-पांढरा खिलवायचा. कोण हरणार ते नाट्यगृह उघडल्यावर कळेल. मी आण्णांना म्हटलं, "कुठलंही लागू दे, पहिल्या दिवसाची पाच तिकिटं मी काढतो."

तर म्हणाले, "पहिल्या दिवसाची नको. पहिल्या दिवशी पासवाल्यांची गर्दी. दहाव्या दिवसाची काढ. त्या दिवशी खुर्च्या रिकाम्या असतात."

हे सगळं ठीक. पण आण्णांना आता कानाला मशीन लागतं आणि तरीही वरच्या पट्टीतलं नीट ऐकू येत नाही, असं ते परवा सहज बोलून गेले. नाट्यगृहाचं काम त्याच्या वेगानं होईल. आण्णांचे कान तोवर थांबतील असं नाही. 'पुढच्या महिन्यात बघू' हे वाक्य मी एकदा वापरून बसलोय.

म्हणून पुण्यात पुढच्या महिन्यात एका संगीत नाटकाचा प्रयोग आहे, त्याची पाच तिकिटं काढलीत. पुढची रांग, ऑर्गनच्या बाजूची. त्याच आठवड्यात माझं रिलीज आहे. रजा टाकलीय. मॅनेजरनं कारण विचारलं, तेव्हा सरळ लिहिलं: वडिलांना नाटकाला न्यायचंय.

तुमच्या घरी जेवताना हा प्रश्न विचारून बघा: केशवरावला पहिलं नाटक कोणतं? उत्तरं मला कळवा. पुढच्या अंकात आपण सगळ्यांची मतं मोजू. चिऊ म्हणते, झोप लागणार नाही अशा नाटकाला दोन मतं धरायची!