पावसाळ्यात जुनी गाडी खताच्या खोलीत ठेवू नका



धूळवाफ पेरण्या बहुतेकांच्या उरकल्या, आता मृगाची वाट. पिंजर आत घेतलं, शेणी झाकल्या, खताची पोती रचून झाली. याच आठवड्यात आमच्या डोंगराकडच्या गावांत आणखी एक काम होतं. घरातली जुनी राजदूत, येझदी नाहीतर बुलेट सोप्यातनं काढायची, खताच्या खोलीत ढकलायची, वरनं ताडपत्री टाकायची आणि सुतळीनं करकचून बांधायची. सोडायची ती दसऱ्याला. माझं म्हणणं सरळ आहे, हे करू नका. एवढी बांधाबांध करण्यापेक्षा पडवीत उघडी ठेवलेली गाडी जास्त टिकते.

काहीजण म्हणतील, हा पिकाचा विषय नाही, हौसेचा आहे. पण त्याच खोलीत तुमचा पेट्रोल फवारणी पंप आहे, पॉवर वीडर आहे, ग्रासकटर आहे. गाडीला जे लागू, तेच त्यांनाही.

गेल्या साली आमच्या भावकीतली एक राजदूत अशीच गेली. म्हाताऱ्यानं दुधाच्या पैशातनं घेतलेली, दोन पोरांची शिक्षणं तिच्यावर कॅन बांधून झालेली. चार महिने पोत्यांशेजारी बांधून ठेवली. दसऱ्याला पूजेसाठी काढली तर किक खालीच जाईना. क्रँकची बेअरिंगं धरलेली, टाकीचा तळ चाळण झालेला. मिस्त्री म्हणाला सामान मिळत नाही, आणि ते खरंच आहे. भंगारवाल्यानं वजनावर नेली. म्हातारा आठ दिवस कुणाशी बोलला नाही.

आता खतापाशी ठेवलं तर नेमकं काय होतं ते बघू. शेतीची पदवी असलेल्यांना यातला निम्मा भाग माहीत असतो, पण तो पोत्यापुरता. साधारण 30 अंश तापमानाला हवेतली आर्द्रता 73 टक्क्यांच्या आसपास पोचली की युरिया हवेतलं पाणी ओढायला लागतो आणि पाघळतो. पोटॅश, म्हणजे एमओपी, 84 च्या आसपास. दोन खतं एकमेकांत मिसळली की हा आकडा आणखी खाली येतो, म्हणून तर युरिया मिसळून ठेवलेलं खत दुसऱ्या दिवशी चिखल होतं. आपल्याकडं जुलै-ऑगस्टात उघडीप सोडली तर 85-90 टक्के हवा रोजचीच. पोतं फोडताना, ओतताना, ओढताना उडालेली भुकटी गाडीच्या रिमवर, स्पोकवर, इंजिनच्या पाकळ्यांत बसते. डोळ्याला दिसत नाही. पण तिथं ती रोज पाणी ओढते आणि लोखंडावर खारट पाण्याचा थर धरून बसते. एमओपी म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. समुद्राकाठची गाडी ज्या क्लोराइडनं खाल्ली जाते, तेच तुम्ही घाटावर आणून तिच्या उशाशी ठेवलंय. क्रोमचा थर तसा पातळ असतो, त्याला बारीक छिद्रं असतात. क्लोराइड तिथनं आत शिरतं आणि मग वरनं चकचकीत दिसणारी रिम फोड आल्यागत फुगते.

दुसरी गोष्ट अमोनियाची. सांडलेला युरिया ओल्या मातीत, शेणामुताच्या संगतीत अमोनिया सोडतो. गोठ्यात तर तो आयताच असतो. अमोनिया पितळेला आणि तांब्याला खातो. कार्ब्युरेटरचे जेट पितळेचे, स्पोकची निपलं बहुधा पितळेची, वायरिंग तांब्याचं. याची एक जुनी गोष्ट आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेशेजारी साठवत. पावसाळा संपला की त्यातल्या बऱ्याच काडतुसांच्या पितळी नळकांड्यांना आपोआप चिरा पडलेल्या सापडायच्या. कारण बरीच वर्षं कळलं नव्हतं. 1921 साली उलगडा झाला: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा, आणि नळकांडं घडवताना पितळेत राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. आपला गोठा आणि ती पागा यात फारसा फरक नाही. तेव्हा गाडी गोठ्यात नको, गोठ्याच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीतही नको.

ताडपत्रीचं बघू. जमिनीतनं ओल वर येत असतेच, शेणानं सारवलेली असो नाहीतर शहाबादी फरशीची. ताडपत्री ती ओल कोंडून धरते. रात्री लोखंड गार पडतं, सकाळी गरम दमट हवा आत शिरते आणि गार लोखंडावर दव धरतं. उघड्या गाडीवरचं दव दहा वाजेपर्यंत वाऱ्यानं सुकतं. बांधलेल्या गाडीवरचं दिवाळीपर्यंत सुकत नाही.

मोबाइलवर गाडी साठवायचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण त्यातले बरेच थंड मुलखातले. तिकडं हिवाळ्यात बर्फ पडतो, रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून गाडी चार महिने बंद गॅरेजात ठेवतात. 5 अंशाची हवा जास्तीत जास्त घनमीटरला 7 ग्रॅमच्या आसपास पाणी धरते. आपली पावसाळ्यातली 25 अंशाची हवा 23 ग्रॅम धरते. म्हणून त्यांच्याकडं दार लावून आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवल्या तर काही उपयोग होत असेल. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीतल्या नुसत्या हवेत अर्धा किलोच्या वर पाणी असतं, आणि कौलांच्या फटीतनं ती हवा सारखी बदलत असते. त्या पिशव्या, किंवा कोपऱ्यात ठेवलेली चुन्याची बादली, किती पुरणार? चुना घट्ट झाकणाच्या डब्यात चालतो. पाने-पकडी, सुटे जेट ठेवायला जरूर वापरा. खोलीला नाही.

आणखी एक सवय मोडायला हवी, आठवड्याला दोन मिनिटं गाडी चालू करून बंद करायची. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. सायलेन्सर नीट तापला तर ते वाफ होऊन निघून जातं. दोन मिनिटांत तो तापत नाही, पाणी आतच राहतं आणि सायलेन्सर आतनं कुजतो. चालवायची असेल तर उघडीप बघून दहा-पंधरा किलोमीटर चालवा. नाहीतर हात लावू नका.

पेट्रोलबद्दल बोलताना जरा जपून बोलतो, कारण आपल्या उसाचं बिल त्यात गुंतलंय. आता पंपावरच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल व्हायलाच पाहिजे, कारखाने त्यावरच तग धरून आहेत. पण अल्कोहोल पाणी धरतं हेही खरं. पाणी जास्त झालं की पाणी आणि अल्कोहोल मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि जुन्या गाडीची टाकी आतनं कोऱ्या पत्र्याची. ‘टाकी फुल्ल करून ठेवा’ हा जुना सल्ला रोजच्या गाडीला ठीक आहे. चार महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी मी पूर्ण रिकामी करायला सांगतो. पेट्रोल काढा, टाकी उन्हात सुकवा, अर्धी वाटी इंजिन ऑइल आत घालून टाकी सगळीकडं फिरवा, जादाचं ओतून टाका. कार्ब्युरेटरची वाटीही रिकामी करा. राजदूतमधनं निघालेलं मिक्स पेट्रोल ग्रासकटरला चालतं, थोडा धूर जास्त होईल एवढंच.

राजदूतवाल्यांनी इंजिनकडं जास्त लक्ष द्यायचं. फोर-स्ट्रोक बुलेटची क्रँक ऑइलच्या संगतीत असते. टू-स्ट्रोकमध्ये हवा आणि पेट्रोल क्रँकच्या घरातनंच वर जातं, तिथं वेगळं ऑइल भरलेलं नसतं. गाडी उभी राहिली की बेअरिंगवर जो पातळ थर राहिला असेल तेवढाच. म्हणून शेवटची फेरी मारल्यावर, इंजिन कोमट असताना, प्लग काढून चमचाभर टूटी ऑइल आत सोडायचं. कार्ब्युरेटर काढलेला असेल तर त्या तोंडातनंही दोन चमचे. मग हातानं किक सावकाश आठ-दहा वेळा दाबायची आणि प्लग परत बसवायचा. बुलेटवाल्यांनी ऑइल पावसाळ्याआधी बदलावं. जुन्या ऑइलात पाणी आणि आम्ल दोन्ही असतं, ते चार महिने आत कशाला ठेवायचं?

बाकीचं झटपट सांगतो. मडगार्डच्या आतला चिखल खरवडून काढा, तो चिखल पाणी धरून ठेवतो. धुवा, दोन दिवस कडक ऊन द्या. चेन रॉकेल नाहीतर डिझेलनं धुऊन 90 नंबरचं ऑइल. क्रोमवर व्हॅसलिनचा पातळ हात. खाण्याचं तेल, जवसाचं तेल लावू नका, ते वाळून चिकट होतं आणि धूळ धरतं. ब्रेकच्या ड्रमकडं तेल जाऊ देऊ नका. बॅटरी काढून घरात ठेवा, महिन्याला एकदा चार्ज करा. गाडी मेन स्टँडवर, खाली फळी, जशी बियाण्याच्या पोत्याखाली घालतो तशी. सायलेन्सरच्या तोंडात ऑइलचं फडकं कोंबा, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते. त्या फडक्याची लाल चिंधी बाहेर लोंबती ठेवा, म्हणजे विसरायला होणार नाही. उंदरांचं तुमचं तुम्ही बघा, त्यावर माझ्याकडं मांजराशिवाय औषध नाही.

जागा कुठली? झड येत नाही अशी पूर्वेकडची पडवी सगळ्यात चांगली. ताडपत्री वाया घालवू नका, ती पश्चिमेच्या बाजूला झडीसारखी बांधा. गाडीवर जुनं सुती लुगडं नुसतं टाका, बांधू नका. आणि श्रावणात ऊन पडलं की ते उचलून गाडी दोन तास अंगणात काढा. पावसाळाभर घरात पडून राहिलेल्या घोंगड्यालाही आपण ऊन देतोच की.

दसऱ्याला गाडी काढाल तेव्हा लगेच किक मारू नका. आधी चिंधी ओढा, सायलेन्सरचं तोंड बघा. प्लग काढून किक हातानं दाबा, आतलं जादा ऑइल बाहेर उडू द्या, प्लग पुसून बसवा. टाकीत लिटरभर ताजं पेट्रोल घालून हलवून ओतून टाका, मग नवीन भरा, राजदूतला टूटी मिसळून. पहिली पाच मिनिटं धूर भरपूर येईल, तेव्हा गाडी वाळत घातलेल्या कपड्यांपासून लांब उभी करा.