फोडून मोजलेला गाळ

मातीच्या कणांचा आकार मोजण्याची रीत भारतीय मानकाने घालून दिली आहे. ३३ ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट आणि ७ ग्रॅम सोडियम कार्बोनेटचे लिटरभर द्रावण करायचे, ते मातीत घालून ढवळायचे, मग मोजायचे. द्रावणाचे काम एकच, चिकटलेले कण सुटे करणे. इमारतीच्या पायातल्या मातीसाठी ही रीत चोख आहे. पण खाडीतला गाळ किती वेगाने खाली बसतो हे याच रीतीने ठरवायला गेलो, तर जे मोजायचे तेच आधी मोडले जाते.

खाडीत चिकणमाती सुट्या कणांनी बसत नाही. खारे पाणी लागले की कण एकमेकांना धरतात, सूक्ष्मजीवांचा चिकट स्राव त्यांना बांधतो आणि पुंजके होतात. २ मायक्रॉनचा सुटा कण स्थिर पाण्यात १० मीटर उतरायला महिनाभर घेईल. सेकंदाला एक मिलिमीटर उतरणारा पुंजका तीन तासांच्या आत तळाला लागतो. पहिला आकडा धरला तर गाळ ओहोटीबरोबर समुद्रात गेला. दुसरा धरला तर तो इथेच, बंदराच्या वाटेत बसला.

हे कळून निम्मे शतक उलटले. १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये ओवेन या संशोधकाने आडवी नळी थेट थेम्सच्या पाण्यात सोडून नमुना घेतला आणि नळी उभी करून गाळ बसू दिला. वेग प्रयोगशाळेतल्या वेगापेक्षा साधारण दहापट निघाला. पुढे १९९० च्या दशकात प्लिमथच्या संशोधकांनी टेमर नदीच्या मुखाशी कॅमेराच पाण्यात उतरवला. त्यात एकाच पुंजक्याचा आकार आणि वेग दोन्ही मिळतात. दोन्ही लागतातच. पुंजका मोठा होतो तसे त्यात पाणी वाढते, घनता घटते. नुसत्या आकारावरून वेग काढणे ही फसगत आहे.

म्हणून ठाण्याच्या खाडीचा असो की वाशिष्ठीच्या मुखाचा, गाळाचा अहवाल हातात आला की आधी विचारावे: हा आकडा पाण्यात मोजला की बाटलीत? उधाणाला की भांगाला? प्रवाह जोरात असताना की पाणी थबकले असताना? जोराच्या प्रवाहात पुंजके फुटतात, पाणी संथ झाले की पुन्हा जुळतात. एकाच नमुन्यातून काढलेला एकच वेग गणिती प्रारूपात घालून गाळ उपशाचे अंदाजपत्रक मांडले असेल, तर ते परत पाठवावे.