दोन पदव्या, वॉर्ड शून्य

बारावीचा निकाल लागला की कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या जिन्यांवर गर्दी होते. मध्यवर्ती बसस्थानकावर एसटीतून उतरलेला बाप लेकीची मार्कलिस्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत सांभाळत वर चढतो. गगनबावडा, राधानगरी, चंदगड, कुठूनही आलेला असो. वर काचेची केबिन, भिंतीवर गळ्यात स्टेथोस्कोप घातलेल्या हसऱ्या मुलींची पोस्टरं आणि टेबलामागे ‘एज्युकेशन कौन्सेलर’. या गृहस्थाने आयुष्यात एक रात्रपाळी केलेली नसते. नर्सिंग म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं, पण ते कुठल्या विद्यापीठातून करावं हे तो चहा येईपर्यंत ठरवून टाकतो.

मी जन्मभर सिस्टर म्हणून ड्युटी केली, पुढे मुलींना शिकवलं. भाचीला घेऊन असाच एक जिना चढले तेव्हा मला ऐकायला मिळालं ते असं: “मावशी, टेन्शनच घेऊ नका. जीएनएम आणि बी.एस्सी. दोन्ही एका टायमात. दोन सर्टिफिकिटं हातात!” एकसमयावच्छेदेकरून! आणि हे सांगताना त्या माणसाची पापणीही लवली नाही.

आता जरा बघा. जीएनएम ही नर्सिंगची पदविका, तीन वर्षांची. त्यानंतर पदवी हवी असेल तर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. त्याला प्रवेश कुणाला? जिचं जीएनएम पूर्ण झालंय आणि जिची नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झालीय, तिलाच. पहिलं संपल्याशिवाय दुसऱ्याचं दारच उघडत नाही. मग दोन्ही एका टायमात कसं? बरं, पोस्ट बेसिक सोडा. थेट चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग घेतलं, तर तेही पूर्णवेळ आणि जीएनएमही पूर्णवेळ. दोन्हींची पोस्टिंग वॉर्डात. सकाळची ड्युटी एक, मुलगी एक, दवाखाने दोन. यातलं कुठलं गणित या कौन्सेलरने सोडवलंय?

त्याचा आधार म्हणजे यूजीसी, अर्थात विद्यापीठ अनुदान आयोग. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीने दोन पदव्या एकाच वेळी करायला मोकळीक दिली, हे खरं. त्याच मार्गदर्शक सूचनांत असंही आहे की व्यावसायिक परिषदांचे नियम जिथे लागू आहेत तिथे ते पाळावेच लागतील. कौन्सेलर पहिल्या वाक्याला थांबला. त्याला तेवढंच हवं होतं. आणि परिषदेचा नियम काय? भारतीय उपचर्या परिषदेच्या २०२१च्या अभ्यासक्रमात आठ सेमिस्टर आहेत. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के भरावी लागते. शंभर टक्के! ताप आला, लग्न निघालं, यात्रा आली, कारण काहीही असो. बुडालेली पोस्टिंग भरून काढायचीच. या नियमाला मी मनापासून मान देते. ज्या मुलीने प्रसूतिकक्षात रात्र काढली नाही, तिच्या हाती बाळंतीण कुणी द्यायची?

मुक्त विद्यापीठातून सोबत बी.ए. करायचंय? करा की, खुशाल करा. भाषा, समाजशास्त्र वाचलेली सिस्टर मला हवीच आहे. पण त्याला नर्सिंगची दुसरी पदवी म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि मी तिला फसवणूकच म्हणणार.

अमेरिकेचं नाव घेऊन गप्प करण्याचीही एक रीत आहे. तिथे कम्युनिटी कॉलेजातली नर्सिंगची सहयोगी पदवी चालू असतानाच विद्यापीठाचे बी.एस्सी.चे विषय घ्यायची सोय काही ठिकाणी आहे, हे बरोबर. पण तिथे दोन्ही वाटांच्या मुली परवान्यासाठी एकच परीक्षा देतात, आणि वरच्या पदवीचे जादा विषय बरेचसे वर्गातले असतात. आपला सगळा डोलारा वॉर्डातल्या तासांवर आणि नोंदणीवर उभा आहे. तिथली सोय इथल्या माहितीपत्रकात छापल्याने इथे लागू होत नाही.

मग विद्यापीठ कुठलं घ्यायचं? सोयरिकीला घराणं विचारावं तशी ही विचारणा होते. कोल्हापूरच्या मुलीपुढे नावं भरपूर आहेत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली नाशिकला झालं, आणि राज्यातली बहुतेक नर्सिंग कॉलेजं त्याला संलग्न आहेत. अभिमत विद्यापीठं वेगळी: इथलं कसबा बावड्यातलं डी. वाय. पाटील, कराडचं कृष्णा, पुण्याचं भारती. सीमा ओलांडली की बेळगावचं केएलई. या सगळ्यांच्या पदव्या कायदेशीर आहेत. म्हणूनच “आमची युनिव्हर्सिटी मान्यताप्राप्त आहे” हे वाक्य मला कुचकामी वाटतं. मान्यता असणं ही किमान अट आहे. तिची जाहिरात करणाऱ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही उरलेलं नाही.

विद्यापीठाने खरा फरक पडतो तो पैशात, आणि तिथे कौन्सेलर मूग गिळून बसतो. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. अट एवढीच की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेलाही माफी नाही. खासगी विनाअनुदानित कॉलेजांच्या फीवर शुल्क नियामक प्राधिकरणाचा निदान अंकुश तरी असतो. अभिमत विद्यापीठं त्याच्या कक्षेबाहेर आहेत.

याचा अर्थ चंदगडच्या बापाला समजावून सांगायला दोन मिनिटं पुरेत. लेकीने राज्य सीईटी कक्षाची नर्सिंगची सीईटी दिली, कॅपमध्ये नंबर लागला, तर शिक्षण शुल्क माफ. तीच मुलगी जिना चढून ‘डायरेक्ट सीट’ घेते, तेव्हा त्याच पदवीसाठी बाप जमीन गहाण टाकतो. हे त्याला कुणी सांगायचं? कॅपमधून जाणाऱ्या मुलीवर कमिशन मिळत नाही, म्हणून टेबलामागचा तो सांगत नाही. माहिती असूनही तो सांगत नाही. माझा सगळा राग इथे आहे.

आणि हे घडतं शाहूपुरीत. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली ही पेठ. गुळाचा सौदा इथे उघड्यावर व्हायचा, रवा डोळ्यांनी बघून, चाखून भाव ठरायचा. १९०१ साली बोर्डिंग सुरू करून खेड्यातल्या पोराला शहरात डोक्यावर छप्पर देणारा, १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढणारा हा राजा. त्याच्या नावाच्या पेठेत त्याच खेड्यातल्या पोरीला झाकला माल विकला जातो.

झाकलेलं काय असतं? वॉर्ड. परिषदेचे निकष सांगतात की कॉलेजला स्वतःचं किमान शंभर खाटांचं रुग्णालय हवं, खाटा ७५ टक्के भरलेल्या हव्यात आणि प्रात्यक्षिकात एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हवेत. शिकवायला दर दहा मुलींमागे एक शिक्षक हवा. खाटा मोजणं सोपं आहे, दुकानातून आणून मांडल्या की झालं. रुग्ण आणून मांडता येत नाहीत. तपासणीच्या दिवशी ठणठणीत माणसं चादरी ओढून झोपवण्याचे प्रकार या राज्यात कुणाला नवे आहेत? ओस वॉर्डात शिकलेली मुलगी पुतळ्याला इंजेक्शन टोचते, केसशीट शेजारणीची उतरवते आणि चार वर्षांनी पांढरा कोट घालून खऱ्या अतिदक्षता विभागात उभी राहते. पहिला रुग्ण कोसळतो तेव्हा तिच्या हाताला काही आठवत नाही. दोष तिचा नसतो. तिला कुणी रुग्णच दाखवलेला नसतो.

सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात कुठल्याही सकाळी जाऊन बघा. खाट रिकामी मिळाली तर मला सांगा. जमिनीवर गाद्या टाकाव्या लागतात, कर्मचारी कमी, गोंगाट प्रचंड. त्या गर्दीत पोस्टिंग केलेली मुलगी कुठल्याही विद्यापीठाची असो, मी तिच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवेन. चकचकीत इमारतीत वातानुकूलित प्रयोगशाळेत वाढलेलीला आधी एक रात्र ड्युटी लावेन, मग बोलेन.

परिषदेलाही सोडायचं कारण नाही. २०१९ मध्ये जीएनएम बंद करणार म्हणून जाहीर केलं. मुलींनी धास्तीने कर्ज काढून पदवीच्या जागा घेतल्या, आणि जीएनएम चालूच राहिलं. या धरसोडीवरच एजंटांचा धंदा पोसला गेला. आता २०२३च्या कायद्याने राष्ट्रीय परिचर्या आयोग आणला आहे. जुन्या परिषदेची सवय नव्या पाटीखाली चालू ठेवायची असेल, तर पाटी रंगवायचा खर्च तरी वाचवा.

आणखी एक. मूळ मार्कलिस्ट, मूळ दाखला कुणाच्याही कपाटात ठेवायचा नाही. पडताळून परत द्यावा, ठेवून घेऊ नये, असं यूजीसीने २०१८ मध्येच बजावलंय. “फी भरेपर्यंत राहू द्या आमच्याकडं” असं कुणी म्हणालं, तर पिशवी उचला आणि जिना उतरा.

माझी मागणी सरळ आहे. कॅपची पहिली फेरी सुरू होण्याआधी नाशिकच्या विद्यापीठाने आणि प्रत्येक अभिमत विद्यापीठाने कॉलेजवार तीन गोष्टी मराठीत छापाव्यात: मागच्या वर्षी दर महिन्याला प्रत्यक्ष भरलेल्या खाटा, झालेल्या प्रसूती, आणि वॉर्डात मुलींसोबत उभ्या राहिलेल्या शिक्षकांची संख्या. हे कागद मध्यवर्ती बसस्थानकाच्या भिंतीवर लावावेत, जिन्यांच्या अलीकडे.