‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणजे कशाच्या पुढे?



यंदाच्या स्नेहसंमेलनात वरच्या वर्गांतील मुलांना गिटार, कीबोर्ड आणि ड्रम घेऊन ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ वाजवायचे आहे. मराठी शाळेच्या मंचावर हे कशाला, असा काही पालकांचा सवाल आहे. विश्वस्त मंडळापुढेही प्रश्न आहे : संगीताच्या आठवड्यातील दोन तासांपैकी एक तास पाश्चात्त्य वाद्यांना द्यावा की नाही? द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र मुलांच्या बोलण्यातील एक गोष्ट आम्हांस खटकते. ब्लूज म्हणजे पहिली इयत्ता आणि प्रोग्रेसिव्ह म्हणजे दहावी, असे समजून ती ब्लूज ओलांडूनच पुढे जाऊ पाहतात. नावच तसे आहे म्हणा! ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणजे पुढे जाणारे. पण कशाच्या पुढे?

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाच्या मुलखातले संगीत. गुलामगिरी कायद्याने संपली तरी हलाखी ज्यांची संपली नाही, त्या कृष्णवर्णीय लोकांच्या गाण्यांतून ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आले. त्याचा रूढ साचा बारा बारांचा. एक बार चार मात्रांचा, म्हणजे एका आवर्तनाच्या अठ्ठेचाळीस मात्रा. षड्ज, मध्यम आणि पंचम यांवर उभे केलेले तीन कॉर्ड. शब्दांची एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. संपले! कागदावर हे दहा मिनिटांत शिकता येते. गळ्यात आणि बोटांत यायला मात्र वर्षे लागतात, कारण ब्लूजचा गंधार कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो. तो दोहोंच्या मध्ये कुठेतरी, तार किंचित ओढून घ्यावा लागतो. जोग रागात दोन्ही गंधार ऐकलेल्या कानाला त्या जागेची ओढ कळेल, जरी दोन्ही गोष्टी एक नव्हेत.

हे संगीत इंग्लंडात पोहोचले आणि तिथल्या पांढरपेशा घरांतली मुले वेडी झाली. मडी वॉटर्स 1958 मध्ये तिकडे गाऊन आले. 1962 पासून अमेरिकन ब्लूज गायकांचे दौरे युरोपात नियमित होऊ लागले. पुढे जे बँड ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणून गाजले, त्यांतले कितीतरी याच शाळेत शिकले. बर्मिंगहॅमच्या एका बँडच्या तर नावातच ब्लूज होते : मूडी ब्लूज. 1967 मध्ये त्यांनी संपूर्ण वाद्यवृंदासह ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’ काढली. पिंक फ्लॉइड हे नाव कुठून आले, हे आमच्या मुलांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते. सिड बॅरेटने पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या कॅरोलायनातील दोन ब्लूज गायकांची पहिली नावे जोडून ते बनवले.

दोन प्रवाह एकमेकांत मिसळताना पाहायचे असतील, तर जेथ्रो टल या बँडकडे पाहावे. त्यांची 1968 ची पहिली ध्वनिमुद्रिका बरीचशी ब्लूजच आहे. नाव मात्र ‘धिस वॉज’, म्हणजे ‘हे होते’. बँडचा प्रमुख इयन अँडरसन याने थोड्याच महिन्यांपूर्वी गिटार सोडून बासरी हाती घेतली होती. गिटारवादक मिक एब्रहॅम्सला ब्लूजच वाजवायचे होते, अँडरसनला पुढे जायचे होते. वर्ष संपता संपता एब्रहॅम्स बाहेर पडला. 1972 मध्ये याच बँडने ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ काढली. सुमारे चव्वेचाळीस मिनिटांचे एकच गाणे, वेष्टनाच्या जागी चक्क एक खोटे वर्तमानपत्र, आणि गीतकार म्हणून आठ वर्षांच्या एका काल्पनिक शाळकरी मुलाचे नाव! (आमच्या विद्यार्थ्यांनी अंकासाठी कविता द्याव्यात, चव्वेचाळीस मिनिटांच्या मात्र नकोत.) आता वाटेल की इथे ब्लूज संपले. पण मधल्या 1971 च्या ‘अ‍ॅक्वालंग’मध्ये मार्टिन बॅरेचा गिटारवरचा एकल भाग ऐका. रचना बदलली आहे, बोटे तीच आहेत.

याहून नेमके उदाहरण पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’चे, वर्ष 1973. नाण्यांचे आणि गल्ल्याचे आवाज सुरू होतात आणि ताल सात मात्रांचा असतो. रूपक वाजवणारा आपला कोणताही विद्यार्थी तो सहज मोजेल. हे ऐकून सगळे म्हणतात, केवढे प्रोग्रेसिव्ह! पण कडव्याखालचा सांगाडा बारा बारांचा, मायनरमधला ब्लूजच आहे. डेव्हिड गिलमोरची गिटार सुरू होते तेव्हा ताल सातांवरून चारांवर उतरतो आणि आवर्तन होते चोवीस बारांचे, म्हणजे बाराची दुप्पट. सात मात्रांची करामत आणि ब्लूजचा श्वास एकाच गाण्यात नांदतात. आमच्या मते त्या गाण्याचे बळ तिथेच आहे.

किंग क्रिमसन, जेनेसिस यांनी युरोपीय अभिजात संगीताकडे अधिक तोंड वळवले आणि थोर काम केले, हे मान्य. ब्लूजवाचून प्रोग्रेसिव्ह होतच नाही, असा आमचा हट्ट नाही. तरी इमर्सन, लेक अँड पामर या त्रिकुटाने 1971 मध्ये मुसॉर्गस्कीची ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’ ही रशियन रचना ध्वनिमुद्रित केली, तेव्हा मध्येच एक ‘ब्लूज व्हेरिएशन’ घातलेच!

यात एक कडू बाजूही आहे. लेड झेपेलिन प्रोग्रेसिव्हच्या शेजारघरचा बँड. त्यांच्या 1969 च्या ‘होल लॉटा लव्ह’मध्ये विली डिक्सन यांच्या गीताचा अंश होता, पण नाव नव्हते. डिक्सन यांनी 1985 मध्ये दावा लावला, 1987 मध्ये तडजोड झाली, आणि नंतर त्यांचे नाव छापले जाऊ लागले. उलट क्रीम या बँडने 1966 मध्ये स्किप जेम्स यांचे 1931 चे गाणे त्यांच्या नावानिशी घेतले आणि त्याचे पैसे त्या वृद्ध गायकापर्यंत पोहोचले. आपण ग्वाल्हेरची माणसे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी इथली गायकी महाराष्ट्रात नेली, तिथे ती वाढली, पालटली. पण ती ग्वाल्हेरची हे कुणी लपवले नाही, आणि नंतरच्या गवयांना ‘ग्वाल्हेरच्या पुढचे’ म्हणण्याचे धाडसही कुणी केले नाही.

म्हणून आमची सूचना अशी. विश्वस्तांनी तास मंजूर करावा. त्या तासाचे पहिले सत्र केवळ बारा बारांना द्यावे : तीन कॉर्ड, मधला गंधार आणि एकाने विचारून दुसऱ्याने उत्तर देण्याची सवय. सात मात्रांची गाणी दुसऱ्या सत्रात. आणि संमेलनाच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत गाण्याखाली नुसते बँडचे नाव नको. मूळ रचना कुणाची, तो कुठला आणि कोणत्या वर्षाची, हे मुलांनीच शोधून लिहावे. मजकूर छपाईला जाण्यापूर्वी संगीत शिक्षकांकडे द्यावा. त्यासाठी पत्रिकेचे एक पान वाढले, तरी त्याचा खर्च अंकाच्या निधीतून करण्यास आम्ही तयार आहोत.

– संपादक मंडळ