सभ्य मानखंडना

अपमान आणि मानखंडना हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. परंतु त्यांत मोठे अंतर आहे. अपमानाला बहुधा क्रोधाचे निमित्त असते आणि क्षमायाचनेने त्याची भरपाईही होऊ शकते. मानखंडनेला क्रोधाची गरज नसते. तुझी पायरी जन्मानेच ठरली आहे, हे माणसाला रोजच्या व्यवहारातून शांतपणे सांगत राहणे, म्हणजे मानखंडना.

महाडचे चवदार तळे या दृष्टीने आठवावे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा श्री. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुलेही केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी तेथील पाणी प्याले, तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले आणि मागाहून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. जेथे गुराढोरांना मज्जाव नव्हता, ते पाणी माणसाच्या ओंजळीने बाटले! लाठ्यांचे घाव कालांतराने भरले असतील; त्या विधीचा घाव अधिक खोल होता, कारण तो करणारांना त्यात पुण्यच दिसत होते. तळ्याचा हक्क उच्च न्यायालयात शाबीत व्हायला १९३७ साल उजाडले.

पुढे राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तीची चारचौघांत हेतुपुरस्सर मानखंडना करणे, हा १९८९ च्या कायद्याने गुन्हा ठरला. परंतु कायद्याला हेतू सिद्ध व्हावा लागतो आणि साक्षीदारही लागतात. मोलकरणीसाठी फळीच्या कोपऱ्यात ठेवलेला वेगळा कप, आडनाव ऐकताच ‘जागा कालच गेली’ असे हसून सांगणारा घरमालक, यांच्याविरुद्ध साक्ष कोण देणार? येथे शिवीगाळ नाही. उलट सौजन्यच आहे. ‘आमच्या मनात तसे काही नव्हते’ हा सुशिक्षितांचा ठरलेला बचाव. आमच्या मते तो बचाव नव्हे, तीच आरोपाची कबुली होय. मनात काहीही न येता हे घडते, इतके ते अंगवळणी पडले आहे.

‘ज्याचे जळते त्यालाच कळते’ ही म्हण आपण दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरविण्याची सबब करून ठेवली आहे. कायदा जेथे उंबरठ्याशी थांबतो, तेथून पुढची जबाबदारी घरधन्याची असते. तळ्याच्या न्यायाला दहा वर्षे लागली. फळीवरचा तो कप इतर कपांत मिसळण्यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.