कपाटाचे कुलूप

पुष्कळ शाळांच्या ग्रंथालयांत दोन प्रकारची कपाटे असतात. काही उघडी असतात. त्यांत गोष्टींची पुस्तके आणि जुनी मासिके असतात. काहींना कुलूप असते. त्यांत शब्दकोश, नकाशांची पुस्तके आणि विश्वकोशाचे जाड खंड असतात. काचेतून त्यांची नावे वाचता येतात, पण त्यांना हात लावता येत नाही.

शाळेतील सगळी मुले ग्रंथालयाची सभासद असतात. मग काही कपाटे काही सभासदांना बंद ठेवणे न्याय्य आहे काय? माझे उत्तर असे आहे : कुलूप असणे हा अन्याय नाही. ते कशासाठी आहे आणि कोणासाठी आहे, यावर न्याय-अन्याय ठरतो.

'कुलूप' हा मराठी शब्द अरबीतील 'कुफ्ल' या शब्दापासून आला आहे. उर्दूतही तुम्ही तो वाचला असेल. शब्द आपल्या ओळखीचा आहे. आता त्यामागचा विचार पाहू.

प्रथम कुलपाची योग्य बाजू समजून घेऊ. जुना कागद नाजूक असतो. लाकडाच्या लगद्यापासून केलेला कागद काही वर्षांनी पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. हस्तलिखिताची तर अनेकदा जगात एकच प्रत असते. ती हरवली, तर बाजारातून दुसरी आणता येत नाही. पाटण्याचे खुदाबख्श ग्रंथालय तुम्हांला ऐकून माहीत असेल. खानबहादूर खुदाबख्श यांनी आपल्या वडिलांचा आणि स्वतःचा अरबी-फारसी हस्तलिखितांचा संग्रह 1891 मध्ये सर्व लोकांसाठी खुला केला. 1969 मध्ये संसदेने कायदा करून या ग्रंथालयाला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले. अशा ठिकाणी दुर्मीळ हस्तलिखित घरी नेऊ देत नाहीत. ते तिथेच बसून, जपून वाचावे लागते. वाचक नामवंत प्राध्यापक असला तरी त्याला हाच नियम पाळावा लागतो. हे बंधन पुस्तकाला जपते आणि कोणत्याही माणसाला कमी लेखत नाही. म्हणून ते न्याय्य आहे.

आता दुसऱ्या प्रकारचे कुलूप पाहा. मुंबईची एशियाटिक सोसायटी ही विद्येसाठी स्थापन झालेली जुनी संस्था आहे. तिची सुरुवात 1804 मध्ये झाली. परंतु माणकजी करसेटजी हे तिचे पहिले भारतीय सभासद झाले ते 1840 मध्ये. मध्ये छत्तीस वर्षे गेली. या काळात मुंबईत विद्वान माणसे नव्हती काय? होती. ज्या देशाच्या विद्येचा अभ्यास तिथे चालत होता, त्याच देशाच्या लोकांसाठी सभासदत्वाचे दार बंद होते. हे कुलूप पुस्तकांना जपण्यासाठी नव्हते.

महाडच्या चवदार तळ्याची हकिकत तर महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावी. 1923 मध्ये मुंबई कायदे मंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही प्रत्यक्षात त्यांना तिथे पाणी घेता येत नव्हते. शेवटी 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. नियम कागदावर खुला असतो, पण दार बंदच असते, असेही होऊ शकते. म्हणून पुढे आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात स्पष्ट लिहिले गेले की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून सार्वजनिक विहिरी, तलाव, रस्ते अशा ठिकाणी कोणाही नागरिकाला मज्जाव करता येणार नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्या शाळेत असे काही नाही. उघडपणे नसेलही. पण कधी कधी मोठी माणसे सहज बोलून जातात : "ती तुकडी दंगेखोर आहे, तिला ही पुस्तके नकोत." "मुलींना विश्वकोश कशाला?" "जो गणितात नापास होतो, तो शब्दकोश घेऊन काय करणार?" ही वाक्ये नीट ऐका. यांपैकी एकातही पुस्तकाची काळजी नाही. वाचण्याआधीच वाचकाविषयी निकाल दिला आहे. एका मुलाने पान फाडले, तर त्याला काही दिवस पुस्तक न देणे समजू शकते. पण त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, कारण सांगावे आणि किती दिवस ते सांगावे. एकाच्या चुकीसाठी चाळीस मुलांना शिक्षा देणे हा इन्साफ नव्हे.

ग्रंथपालाची अडचणही खरी असते, ती विसरू नका. पुस्तक हरवले की जाब त्यालाच द्यावा लागतो. म्हणून तो घाबरतो आणि सगळेच बंद ठेवतो. पण वापर झाला की थोडे नुकसान होणारच, हे सरकारनेही मान्य केले आहे. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत म्हटले आहे की वर्षभरात वाचकांनी हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके गहाळ झाली, तर ते नुकसान वाजवी समजावे. मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसावा. दुर्मीळ पुस्तक हरवल्यास चौकशी झालीच पाहिजे, असेही त्यात आहे. हा नियम केंद्र सरकारच्या ग्रंथालयांसाठी आहे, तरी त्यातला विचार आपल्याही उपयोगाचा आहे. साध्या पुस्तकाला एक नियम आणि दुर्मीळ पुस्तकाला दुसरा.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा जन्म आपल्या नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी झाला होता. त्यांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून आपल्या राज्यात ग्रंथालयांची व्यवस्था उभारली. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुक्तद्वार पद्धत आणली गेली. मुक्तद्वार म्हणजे वाचकाने स्वतः कपाटापाशी जावे, पुस्तक चाळावे आणि निवडावे. जिथे ग्रंथालय नव्हते, अशा गावांत पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या जात. तेथे स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभागही होते. वेगळा विभाग म्हणजे अन्याय काय? ज्या स्त्रिया पुरुषांच्या गर्दीत येऊ शकत नव्हत्या, त्यांच्यासाठी ते दार उघडणे होते. पण "तुमचा विभाग वेगळा, म्हणून इकडची पुस्तके तुम्हांला नाहीत", असे कोणी म्हणाले, तर तोच विभाग भिंत होईल.

यावरून कोणतेही बंधन तपासण्यासाठी तीन प्रश्न विचारता येतात. ते कशाला जपते? ते सर्वांना सारखे आहे काय? आणि ज्याला खरोखर गरज आहे, त्याला रीतसर मागण्याची काही वाट आहे काय? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर ते बंधन मनापासून पाळा. तिसऱ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्या. किल्ली कोणाकडे आहे आणि ती केव्हा मिळेल, हेच माहीत नसेल, तर चांगले कारणही पुरेसे ठरत नाही.

अशा वेळी काय करावे? काच फोडू नये आणि गप्पही बसू नये. मुख्याध्यापकांना सरळ, नम्र शब्दांत मराठीत अर्ज लिहावा. आठवड्यातून एक तास कपाट उघडावे, नोंदवही ठेवावी आणि दोन विद्यार्थ्यांवर देखरेखीची जबाबदारी द्यावी, असे सुचवावे. त्या दोघांत एक मुलगी असावी.

आणि एक गोष्ट तुमच्या बाजूने. ग्रंथालयात सभासद होताना जी रक्कम ठेवतात, तिला मराठीत 'अनामत' म्हणतात. उर्दूतील 'अमानत' तीच ही. पुस्तकही तुमच्या हातात अमानतच असते. ते वेळेवर आणि धड परत करणारी मुले जितकी वाढतील, तितके ग्रंथपालाला कपाट बंद ठेवण्याचे कारण कमी होईल. थोर ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिलेच सूत्र, पुस्तके वापरण्यासाठी आहेत, असे आहे. पुढच्या वेळी ग्रंथालयात गेलात की बंद कपाटापाशी क्षणभर थांबा, आतल्या पुस्तकांची नावे वाचा आणि त्यांतले एखादे मागून पाहा.