अपयशाचीही चाचणी घ्या

पाटण तालुक्यातल्या कोयना धरणाची साठवण क्षमता 105.25 टीएमसी. इथून सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत मिळतं आणि पुढे सांगलीकडे जातं. म्हणून पावसाळ्यात पातळी आणि विसर्गाच्या आकड्यांकडे पाटणपासून सांगलीपर्यंत सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. असे आकडे दर तासाला उतरवून घेणारी स्क्रिप्ट हौशी विद्यार्थीही लिहू शकतो. ती साफ बंद पडली तर लक्षात येतं. पण बिघडूनही ‘काम झालं’ म्हणत राहिली, तर शिळे आकडे ताजे म्हणून वाचले जातात. म्हणूनच स्क्रिप्ट अपयश कबूल करते का, याचीही चाचणी झालीच पाहिजे.

युनिक्स आणि लिनक्समध्ये प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा देते. शून्य म्हणजे काम झालं, दुसरं काहीही म्हणजे साधारणपणे काहीतरी अडलं. पुढची साधनं या एक्झिट कोडवरच विसंबतात. समजा, ‘कर्ल’ने आकडे आणून पाइपमधून ‘टी’कडे दिले आणि फाइलमध्ये लिहिले. सर्व्हरचा पत्ताच सापडला नाही, तर कर्ल 6 हा कोड देतं. आज्ञा चालवणारं बॅश हे शेल मात्र एरवी पाइपमधल्या शेवटच्या आज्ञेचाच कोड धरतं. टीनं रिकामी फाइल बिनतक्रार लिहिलेली असते, त्यामुळे हाती शून्य येतो. सर्व्हरनं 404 कळवलं, तर ‘फेल’ हा पर्याय लावल्याशिवाय कर्लही शून्यच देतं. चुकांची संख्याच कोड म्हणून देणारी स्क्रिप्ट तर आणखी फसवते: कोड 255 च्या पुढे जात नाही, तिथून पुन्हा शून्यावर येतो, म्हणून बरोबर 256 चुका झाल्या की निकाल शून्य लागतो.

आज्ञा फसताच स्क्रिप्ट थांबवणारं ‘सेट मायनस ई’ लावलं की भागतं, असं काही जण म्हणतात. पण ‘इफ’च्या अटीत ते लागू होत नाही आणि पाइपमधलं आधीचं अपयश ‘पाइपफेल’ या पर्यायाशिवाय त्याला दिसत नाही. शून्येतर कोड म्हणजे दर वेळी बिघाड नसतो, हा आक्षेप मात्र रास्त आहे. ‘ग्रेप’ शब्द सापडला नाही तर 1 देतं, खरी चूक झाली तर 2. म्हणूनच कुठल्या प्रसंगी कुठला कोड यावा, हे चाचणीत नेमकं लिहायला हवं. त्याला चार-पाच ओळी पुरतात, तेव्हा वेळ नाही ही सबब टिकत नाही.

या आठवड्यात आपल्या एका स्क्रिप्टला मुद्दाम चुकीचा पत्ता द्या आणि कोड पाहा. शून्य आला, तर तिनं आजवर दिलेला प्रत्येक आकडा पुन्हा तपासा.